पाट तिकडचा, नवरा इकडचा

वसंतअण्णांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू एकट्याने विकत घेतली नाही. मिक्सर असो की मोटर, चार माणसं बरोबर हवीतच. चौघांनी ती वस्तू हाताळायची, चौघांनी तिच्यात काहीतरी खोट काढायची, दुकानदाराचा चहा प्यायचा आणि 'विचार करून सांगतो' म्हणून घरी परतायचं. वाडीला पाणी द्यायची मोटर त्यांनी इतकी निरखून घेतली की ती घरी आली तेव्हा पावसाळा लागला होता. कोणी हसलं तर म्हणायचे, "घाईचा चिकू घशाला चिकटतो." वाक्य त्यांचं स्वतःचंच, पण सांगायचे असं की जणू कुठल्या पोथीत लिहून ठेवलंय.

डहाणूजवळच्या मसोलीत आम्ही त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहत होतो. आमच्या ह्यांची नोकरी बदलीची, मी शाळेत क्लार्क. अण्णांच्या चार माणसांत माझी भरती झाली ती एकाच गुणावर. पगारवाढीसाठी मी कॉम्प्युटरचा सरकारी कोर्स पास केला होता. त्या कोर्सात मला प्रिंट काढायला शिकवलं, बाकी काही नाही. पण मसोलीत प्रमाणपत्र म्हणजे प्रमाणपत्र. उरलेले तिघे म्हणजे अण्णा स्वतः, त्यांच्या बायको शालिनीवहिनी, आणि अण्णांच्या चिकूच्या पेट्या दिल्लीला पाठवणारे गुजराती व्यापारी रमणभाई.

अण्णा दिसायला उंच, वाळके. घरात असोत की बाजारात, हाफ पँट आणि पांढरा बनियन, आणि कुणाकडे मानाने जायचं असेल तर त्याच बनियनवर शर्ट. वस्तू पारखायची त्यांची पद्धत ठरलेली. ती दोन्ही तळव्यांवर घ्यायची, डोळे मिटून वजन बघायचं, मग मधल्या बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचं आणि कान लावायचा. नारळ, कलिंगड, टीव्ही, सगळ्यांना एकच कायदा. ही त्यांच्या वडिलांची रीत. म्हातारबा होणाऱ्या जावयालाही ठोकून बघायचे म्हणतात. खरं-खोटं देव जाणे.

ही रीत वारशात दोघांना मिळाली होती. दुसरा वारस म्हणजे धाकटा भाऊ मधू. म्हातारबा गेल्यावर वाडीची वाटणी झाली, झाडन् झाड मोजलं गेलं, आणि नेमकं बांधावरचं एक जुनं चिकूचं झाड कोणाचं ते ठरवायचं राहून गेलं. अण्णा म्हणाले, थोरल्याचं. मधूभाऊ म्हणाले, सावली माझ्या अंगणात पडते. झालं. बोलणं बंद ते नऊ वर्षं बंद. त्या झाडाचे चिकू दोघांपैकी कोणीही तोडत नसे. तोडला तर हक्क सांगितल्यासारखं होईल आणि समोरचा भांडायला येईल, म्हणजे बोलावं लागेल. त्यामुळे त्या झाडावर मसोलीतली वटवाघळं मात्र गलेलठ्ठ झाली. दोघी जावा एकमेकींशी व्यवस्थित बोलत, फक्त नवऱ्यांसमोर नाही.

आता असा हा पंचावन्न वर्षांचा चिकूवाला कॉम्प्युटरच्या खेळात कसा शिरला, तर मुलीमुळे. प्राची शिकायला पुण्याच्या हॉस्टेलवर गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. त्यात चौकोनी ठोकळ्यांच्या जगाचा एक खेळ होता. खणायचं, झाडं लावायची, घरं बांधायची, आणि त्याला शेवट म्हणून नाही. अण्णा एकदा बसले ते उठेचनात. मला म्हणाले, "बाई, इथे सातबारा नाही, तलाठी नाही, मोजणी नाही. खणाल ती जमीन तुमची." सबंध तालुक्यात असं दुसरं ठिकाण नव्हतं, त्यामुळे माणूस तिथे रमला यात नवल काय?

हे जग कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर कायम चालू ठेवावं लागतं, त्याला सर्व्हर म्हणतात, आणि त्यात दहा घरची दहा माणसं एकाच वेळी शिरू शकतात, हे मला अण्णांनीच शिकवलं. ते शिरायचे ते सुरतेकडच्या कुणा पोराच्या सर्व्हरवर. खेळातलं नाव मुलीचंच चालवलेलं, त्यामुळे तिथे आमचे अण्णा 'फुलपाखरू' होते.

एके दिवशी फुलपाखराच्या वाडीशेजारी 'डेंजर वाघ' नावाचा कोणी येऊन झाडं लावायला लागला. ओळी दोरी धरल्यासारख्या. दोन झाडांत अंतर चिकूला सोडतात तेवढंच. विहीर ईशान्येला. आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक लिंबू. लिंबू बघितल्यावर अण्णा खुर्चीवरून उठले आणि वहिनींना हाका मारायला लागले. ओळीच्या तोंडाशी लिंबू लावायची खोड म्हातारबांची, दुसऱ्या कुणाची नाही. जगाच्या पाठीवर तशी वाडी लावणारी माणसं उरली होती दोन. एक फुलपाखरू झालं होतं आणि दुसरा आपल्या मुलाचं नाव घेऊन वाघ.

मग वर्षभर हे दोघे रोज संध्याकाळी शेजारी शेजारी राबले. दोघांनाही ठाऊक, समोर कोण आहे. एका अक्षराने कोणी बोललं नाही. वाघाला ओंडके कमी पडले तर फुलपाखरू त्याच्या बांधावर ठेवून जाई. फुलपाखराच्या विहिरीचा काठ ढासळला तर दुसऱ्या दिवशी तो बांधलेला असे. इकडे खऱ्या मसोलीत हेच दोन बाप्ये रस्त्यात समोरासमोर आले की एक गटार बघे आणि दुसरा विजेची तार.

२०१८ साली गणपती उठले आणि सुरतेच्या पोराची कसली तरी परीक्षा आली. त्याने सर्व्हर बंद केला. वाडी, विहीर, लिंबं, सगळं नाहीसं झालं. त्या संध्याकाळी अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा पुढे केला तर घेतला नाही.

"नऊ वर्षांत तो माझ्या शेजारी येऊन बसला तो तेवढाच, बाई," ते म्हणाले.

मग त्यांनी नाक शिंकरलं आणि जाहीर केलं की आता सर्व्हर आपल्या घरी बांधायचा. कोणा परक्या पोराच्या परीक्षेवर आपलं गणगोत टांगून ठेवायचं नाही.

बांधायचा ठीक, पण मधूभाऊंना कळवायचं कसं? बोलायचं तर नाहीच. तिथे अण्णांचं डोकं चाललं. तलासरीत मधूभाऊंच्या मेहुण्याचं, नितीनचं, कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याच्याकडून मोठी वस्तू घेतली की नितीन बहिणीला सांगणार, बहीण नवऱ्याला सांगणार, निरोप पोचला. फक्त पंचाईत अशी की डहाणू रोडला तसलंच दुकान शालिनीवहिनींच्या भावाचं, सुरेशचं होतं. सख्ख्या मेहुण्याला डावलून तलासरीला गेलो हे त्याला कळलं असतं तर आमच्या अण्णांना सासुरवाडीत पाणी कोणी विचारलं नसतं.

कॉम्प्युटर जोडायचा तर मुख्य वस्तू दोन. एक मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर सगळं बसतं तो मोठा पत्रा. दुसरा प्रोसेसर, म्हणजे बिस्किटाएवढा चौकोन. सगळा विचार तो करतो आणि बोर्डाच्या मधल्या चौकटीत बसतो. अण्णांनी ओट्यावर बसून आम्हाला तत्त्व समजावलं. बोर्ड हा पाट, प्रोसेसर हा नवरामुलगा. लग्नात पाट मांडायचा मान समोरच्यांचा, नवरा आपल्या घरचा. "पाट तिकडचा, नवरा इकडचा. बाबा असते तर हेच म्हणाले असते." म्हणजे बोर्ड तलासरीहून आणि प्रोसेसर डहाणूहून. आणि एका दुकानात दुसऱ्या दुकानाचं नाव काढायचं नाही, अशी आम्हा तिघांना ताकीद.

निघाली वरात. सुरेशच्या दुकानात अण्णांनी प्रोसेसरची डबी तळव्यांवर घेतली, डोळे मिटले, दोनदा ठोकली. सुरेश बिचारा विचारत होता, बोर्ड कुठला घेणार आहात? अण्णा म्हणाले, "ते आमचं बघून ठेवलेलं आहे." तलासरीला नितीनने विचारलं, प्रोसेसर कुठला? तेही बघून ठेवलेलं होतं. मी चौथं माणूस म्हणून मान डोलावली. कॉम्प्युटरची पेटी उघडायला आमच्या कोर्सात शिकवलंच नव्हतं.

सुरेशने एक ग्राफिक्स कार्डही गळ्यात मारायचा घाट घातला. पडद्यावरची चित्रं सुंदर दिसायला ते लागतं म्हणे. सर्व्हर नुसता कोपऱ्यात बसून चालणार, त्याला पडदाच लावायचा नाही, हे अण्णांनी व्हिडिओत बघितलं होतं; पण मेहुण्याला नाही कसं म्हणावं? चेहरा पडला त्यांचा. तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, जो घराबाहेर पडणारच नाही त्याला पावडर कशाला?" तेवढा तो माझा तांत्रिक सल्ला. त्यावर सगळे हसले आणि कार्ड परत कपाटात गेलं. मेहुण्याचं मन राखायला अण्णांनी पॉवर सप्लाय त्याच्याकडचा घेतला. तीन ठेवले होते, तिन्ही तोलले आणि सर्वांत जड तो उचलला, कारण पोकळ वस्तू हलकी असते. पुढे मला कोणीतरी सांगितलं की जाणकार माणसंही असंच करतात. मी ते अण्णांच्या कानावर घातलं नाही, नाहीतर त्यांनी इंटरनेटही तोलून घेतलं असतं.

रॅमच्या बाबतीत रमणभाईंचं चाललं. मोठी एक पट्टी घ्यावी की लहान दोन, यावर नितीनच्या दुकानात दोन चहा झाले. रमणभाईंनी निकाल दिला, "जोडीमां ज लेवाय. एकटा बैल गाडी ओढतो काय?" दोन घेतल्या. डिस्कचा प्रश्न जमिनीनेच सोडवला. त्या हिवाळ्यात तलासरीपासून आमच्यापर्यंत धरणी हलायला लागली होती. भांडी खडखडायची, माणसं घराबाहेर मांडव घालून झोपायची. फिरती तबकडी असलेली डिस्क स्वस्त होती. अण्णा म्हणाले, जिथे जमीनच फिरतेय तिथे आत आणखी फिरणारं काही नको. म्हणून न फिरणारी घेतली. पेटीबद्दल वहिनींची एकच अट होती, की खाऱ्या वाऱ्याने गंजणार नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येईल अशी असावी. खरं सांगायचं तर त्या सबंध खरेदीत एवढं शहाणपणाचं दुसरं कोणी काही बोललं नाही.

सर्व्हर जोडायचा मुहूर्त काढला. खरोखरच्या पाटावर बोर्ड ठेवला, भोवती रांगोळी, वहिनींनी हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी शर्ट घातला होता. त्यांनी डबीतून प्रोसेसर काढला, बोर्डाच्या चौकटीवर धरला आणि ते थबकले. प्रोसेसरच्या पोटाला बारीक बारीक पिना होत्या. बोर्डाच्या चौकटीतही तशाच पिना, वर तोंड करून उभ्या. दोन कंपन्या, दोन रिती. एकीकडे पिना नवऱ्याला, दुसरीकडे पाटाला. आमच्याकडे नवराही काटेरी आणि पाटही काटेरी. अण्णांनी फिरवून बघितलं, उलटं करून बघितलं, ठोकून बघितलं. रमणभाई म्हणाले, जरा जोर लावा. मी म्हटलं, जोर लावू नका.

"परत करायचं," मी सांगितलं. तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मांडवातून नवरी परत पाठवा म्हणाले. बोर्ड परत करावा तर मधूच्या सासरच्यांचा अपमान, नऊ वर्षांनी पहिला व्यवहार आणि तो मोडला. प्रोसेसर परत करावा तर वहिनींच्या माहेराचा अपमान. अण्णा पाटासमोर तसेच बसून राहिले. हातातला तो चौकोन त्यांनी इतका जपून धरला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. सर्व्हर गेला याचं त्यांना काही नव्हतं. मधूला निरोप तर गेला, आता बोलावणार कशात, हे त्यांना लागलं होतं.

तेवढ्यात शालिनीवहिनी रांगोळीचा डबा बंद करत म्हणाल्या, "याला बसणारा बोर्ड मधूभाऊजींकडे आहे."

अण्णांनी वर बघितलं.

"त्यांनीपण सर्व्हर बांधायला घेतलाय," वहिनी म्हणाल्या. "बोर्ड आमच्या सुरेशकडून नेला, प्रोसेसर नितीनकडून. तिकडेही बसत नाहीये. तुमचा इकडे बसत नाही, त्यांचा तिकडे बसत नाही."

म्हणजे मधूभाऊंनाही वडिलांचीच रीत आठवली होती. निरोप पाठवायचा तर दादाच्या मेहुण्याच्या दुकानातून. पाट तिकडचा, नवरा इकडचा. अण्णांना आधी हसू आलं, मग ते रागावले. हे तुला कधीपासून ठाऊक आहे, त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, महिनाभर. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, चार माणसांत मला कोणी विचारलं का?

आता नुसती अदलाबदल करायची. पण करणार कोण? दोन पावलांवर बांध. अण्णा म्हणाले, तो धाकटा, त्याने यावं. पलीकडे मधूभाऊ म्हणत होते, तो थोरला, त्याने हाक मारावी. शेवटी संक्रांत आली आणि दोघी जावांनी तो प्रश्न हळदीकुंकवात मिटवला. रेखावहिनींना, म्हणजे मधूभाऊंच्या बायकोला, शालिनीवहिनींनी तिळगूळ दिला, ओटीत बोरं घातली आणि वाण म्हणून प्रोसेसरची डबी दिली. दुसऱ्या दिवशी रेखावहिनींकडे आम्ही गेलो तर त्यांनी शालिनीवहिनींना तशीच डबी दिली आणि मला प्लॅस्टिकची गाळणी. गाळणी अजून आहे माझ्याकडे.

वाण बसलं. इकडे पेटीला दिवा लागला, पंखा घरघरला, अण्णांनी पेढे वाटले. तिकडेही दिवा लागला. आणि मग त्या दोन हुशार भावांच्या ध्यानात आलं की आता सर्व्हर झाले दोन.

अण्णांनी आपल्या जगात वाडी लावली. सरळ ओळी, ईशान्येला विहीर, तोंडाशी लिंबू. शेजारची जागा मोकळी सोडली आणि वाट बघत बसले. आपल्या सर्व्हरचा पत्ता त्यांनी नितीनकडे पोचवला होता. मधूभाऊंनी आपला सुरेशकडे. दोघांकडे दोघांचे पत्ते, आणि दोघेही आपापल्या घरी यजमान. पाहुणा व्हायला कोणी तयार नाही. मी एकदा डोकावले तर प्राचीच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिहिलेलं होतं की सध्या हजर खेळाडू एक. अण्णांचं फुलपाखरू कडेला उभं राहून मोकळ्या जागेकडे बघत होतं. मला इतका संताप आला! म्हटलं, अण्णा, एकाच झाडासाठी नऊ वर्षं घालवलीत, आता या दोन पेट्यांसाठी आणखी नऊ घाला. मेलात तर दोघं आपापल्या सर्व्हरवर मराल. त्यांनी मला चहा विचारला.

मार्चमध्ये आमच्या ह्यांची बदली झाली. सामान भरायला टेम्पो आला. मी शेवटचा डबा घेऊन बाहेर आले तर अण्णा घरातून निघत होते. अंगात शर्ट. दोन्ही हातांवर ती पेटी, वर धुतलेलं फडकं टाकलेलं. मागे दारात शालिनीवहिनी, माझ्याकडे मुळीच न बघता.

"कुठे, अण्णा?" मी विचारलं.

"बिघडला," ते म्हणाले. "मधूला दाखवून आणतो. त्याला यातलं कळतं."

आत्ता आत्तापर्यंत त्या पेटीचा पंखा माझ्या स्वयंपाकघरात मला ऐकू येत होता. मी गप्प राहिले. मी गप्प राहिल्याचं उदाहरण त्यांच्या आठवणीत हे एकच असावं.

अण्णा बांधापर्यंत गेले आणि झाडाजवळ थांबले. पलीकडून मधूभाऊ आले. तेही उंच, तेही वाळके, अंगात नुसता बनियन. त्यांनी हात पुढे केले, अण्णांनी पेटी त्यांच्या तळव्यांवर ठेवली. मधूभाऊंनी डोळे मिटले. वजन बघितलं. मग पेटी पोटाशी धरून मधल्या बोटाच्या पेराने दोनदा ठोकली आणि कान लावला.

"वाजतोय तर बरा, दादा."

"बिघडलाय म्हणतो ना."

मधूभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. मी पाठीमागून बघत होते, अण्णांचा चेहरा मला दिसला नाही.

"हो," मधूभाऊ म्हणाले. "बिघडलाय."

आणि हात भरलेले होते म्हणून त्यांनी बांधावरच्या झाडाची खाली आलेली फांदी खांद्याने वर उचलून धरली, आणि अण्णा वाकून पलीकडे गेले.